क्लास लिहायला शिकताना: एका टाकीपासून वाचनालयापर्यंत

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग (माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधून प्रोग्राम लिहायची पद्धत) शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी चार जड शब्द समोर येतात: इन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. व्याख्या पाठ होतात, परीक्षेत लिहिताही येतात. पण कोरी फाइल उघडून "आता यात क्लास कोणता करायचा?" असं विचारलं की हात थांबतो. शिकवताना हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्या चार शब्दांपासून मी आता सुरुवातच करत नाही. सुरुवात एका प्रश्नापासून करतो: ही माहिती कोणाकडे असावी, आणि तिची काळजी कोणी घ्यावी? पुढचा सगळा लेख या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

व्हेरिएबल, इफ, लूप, लिस्ट आणि फंक्शन एवढं येत असेल तर तुम्ही तयार आहात. भाषा पायथन घ्या किंवा जावा, विचार तोच राहतो. इथले आराखडे मी मुद्दाम मराठीत लिहिले आहेत, म्हणजे ते आधी वहीत उतरवून समजून घेता येतील. 'सुरुवात' म्हणजे कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारा भाग), 'स्वतः' म्हणजे पायथनमधला सेल्फ किंवा जावातला धिस, आणि 'परत' म्हणजे रिटर्न. पायथन ३ आणि जावा या दोन्ही भाषांत क्लासची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. कीवर्ड आणि आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात.

पायरी १: आधी क्लासशिवाय लिहा

समजा तीन पाण्याच्या टाक्या आहेत. प्रत्येकीची क्षमता वेगळी. पाणी भरायचं, काढायचं, आणि किती उरलं ते सांगायचं. क्लास न वापरता हे लिहायला बसलात तर सहा व्हेरिएबल होतात:

क्षमता१ = १०००
पातळी१ = ०
क्षमता२ = ५००
पातळी२ = ०
(तिसरीचंही असंच)

मग 'भर' नावाचं फंक्शन लिहिता. त्याला पातळी आणि क्षमता दोन्ही द्यावी लागतात, आणि नवी पातळी परत आली की ती योग्य व्हेरिएबलमध्ये ठेवायची जबाबदारी तुमची. कधीतरी पातळी१ सोबत क्षमता२ जाते. प्रोग्राम तक्रार करत नाही, फक्त उत्तर चुकतं. कधी दुसऱ्या कुठल्या ओळीत पातळी३ = -५० लिहिलं जातं आणि टाकीत उणे पन्नास लिटर पाणी येतं.

सराव १. हा प्रोग्राम खरंच लिहा, तीनही टाक्यांसह. मग चौथी टाकी वाढवा आणि किती ओळी बदलाव्या लागल्या ते मोजून ठेवा. हा सराव वगळू नका. क्लास कशासाठी आहे हे सांगून पटत नाही. ही ओढाताण एकदा हातांनी अनुभवली की पटतं.

पायरी २: माहिती आणि नियम एकत्र बांधा

पातळी आणि क्षमता कायम जोडीने फिरतात. पातळी शून्याखाली जायची नाही आणि क्षमतेच्या वर जायची नाही, हा नियमही त्यांच्यासोबतच फिरायला हवा. तिघांना एका ठिकाणी ठेवलं की झाला क्लास:

क्लास टाकी:
    सुरुवात(स्वतः, क्षमता):
        जर क्षमता <= ०: एरर "क्षमता शून्याहून जास्त हवी"
        स्वतः.क्षमता = क्षमता
        स्वतः.पातळी = ०

    भर(स्वतः, लिटर):
        जर लिटर < ०: एरर "उणे पाणी भरता येत नाही"
        मोकळी = स्वतः.क्षमता - स्वतः.पातळी
        आत = लिटर आणि मोकळी यांतलं लहान
        स्वतः.पातळी = स्वतः.पातळी + आत
        परत लिटर - आत

    काढ(स्वतः, लिटर):
        जर लिटर < ०: एरर "उणे पाणी काढता येत नाही"
        बाहेर = लिटर आणि स्वतः.पातळी यांतलं लहान
        स्वतः.पातळी = स्वतः.पातळी - बाहेर
        परत बाहेर

    किती(स्वतः):
        परत स्वतः.पातळी

क्लास हा आराखडा आहे. त्यावरून बनवलेली प्रत्येक टाकी म्हणजे एक ऑब्जेक्ट. छोटी = टाकी(५००) असं लिहिलं की नवा ऑब्जेक्ट तयार होतो, त्याचा 'सुरुवात' चालतो आणि त्याची स्वतःची पातळी शून्यावर येते.

बहुतेकजण 'स्वतः' या शब्दापाशी अडखळतात. छोटी.भर(२००) लिहिता तेव्हा डॉटच्या आधीचा ऑब्जेक्टच मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) आत 'स्वतः' म्हणून पोहोचतो. मोठी.भर(२००) लिहिलं तर तीच मेथड चालते, पण आता 'स्वतः' म्हणजे मोठी. मेथडचा कोड एकच, बदलतो तो 'स्वतः'. पायथनमध्ये हा पहिला पॅरामीटर म्हणून उघडपणे लिहावा लागतो. जावामध्ये तो न लिहिताही तिथे असतोच.

'भर' मेथड वाहून गेलेलं पाणी परत देते, हेही पाहून ठेवा. तिने जास्तीचं पाणी गुपचूप टाकून दिलं असतं तर बोलावणाऱ्याला काही कळलंच नसतं. मेथडने काय परत द्यावं, हे ठरवताना समोरच्याला पुढे काय लागेल याचा विचार करा.

सराव २. कागदावर चालवून बघा. ट = टाकी(१०००). मग ट.भर(७००), ट.भर(५००), ट.काढ(३५०). प्रत्येक वेळी काय परत आलं आणि पातळी किती झाली? उत्तरं क्रमाने: ० परत, पातळी ७००, २०० परत, पातळी १०००, ३५० परत, पातळी ६५०. जुळलं नाही तर संगणकावर जाण्याआधी कोणती ओळ चुकीची वाचली ते शोधा. हातानं कोड चालवायची सवय पुढे डिबगरपेक्षाही (कोडमधली चूक शोधायच्या साधनापेक्षाही) जास्त वेळा उपयोगी पडते.

पायरी ३: नाव वेगळं, ऑब्जेक्ट वेगळा

इथे जरा थांबू या, कारण नवशिक्यांच्या सगळ्यात चिवट चुका इथेच होतात.

अ = टाकी(१०००)
ब = अ
ब.भर(३००)
छाप अ.किती()

काय छापलं जाईल? पुष्कळजण शून्य सांगतात. उत्तर ३०० आहे. ब = अ या ओळीने दुसरी टाकी बनत नाही. एकाच टाकीला दुसरं नाव मिळतं. टाकी( ) असं जिथे लिहाल तिथेच नवा ऑब्जेक्ट जन्मतो. वहीत प्रत्येक ऑब्जेक्टचा एक चौकोन काढा, प्रत्येक नाव बाहेर लिहा आणि नावापासून चौकोनापर्यंत बाण ओढा. चौकोन किती आणि बाण किती हे मोजलं की गोंधळ संपतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू तुलनेत दिसते. जावामध्ये दोन ऑब्जेक्ट दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासले तर दोन्ही बाण एकाच चौकोनाकडे जातात का, एवढंच कळतं. चौकोनांतला मजकूर सारखा आहे का हे बघायला इक्वल्स ही मेथड लागते. स्ट्रिंगची (अक्षरांतल्या मजकुराची) तुलना करताना हे विसरलं तर प्रोग्राम कधी बरोबर चालतो, कधी चुकतो, आणि ती चूक शोधणं फार जड जातं. पायथनमध्ये उलट आहे: दोन बरोबरची चिन्हं मजकूर तपासतात आणि इज हा शब्द ओळख तपासतो. पण तुमच्या स्वतःच्या क्लाससाठी 'सारखं' म्हणजे काय हे तुम्ही सांगितलं नाही, तर पायथनही ओळखच बघतो.

सराव ३. टाकीत 'नोंदी' नावाची लिस्ट वाढवा. प्रत्येक वेळी पाणी भरलं की तिच्यात आकडा जोडा. आधी ती लिस्ट मुद्दाम चुकीच्या जागी लिहा, म्हणजे क्लासच्या आत पण 'सुरुवात'च्या बाहेर. दोन टाक्या बनवा, एकीत पाणी भरा आणि दुसरीच्या नोंदी छापा. पायथनमध्ये पहिलीच्या नोंदी दुसरीतही दिसतील, कारण ती लिस्ट क्लासची झाली, एकेका ऑब्जेक्टची नाही. आता ती 'सुरुवात'मध्ये स्वतः.नोंदी म्हणून हलवा आणि फरक पाहा. ही चूक आपल्या हातांनी केली की पुढे दुसऱ्याच्या कोडमध्येही लगेच ओळखू येते.

पायरी ४: आतलं आत ठेवा

टाकीचा नियम टाकीत ठेवला खरा, पण बाहेरून कोणी ट.पातळी = -५० लिहिलं तर तो नियम कोण पाळणार? जावामध्ये पातळीला प्रायव्हेट म्हटलं की बाहेरच्या कोडला ती दिसतच नाही, आणि असा कोड कंपाइल होत नाही. पायथनमध्ये नावाच्या आधी एक अंडरस्कोअर लावतात. तो हात अडवत नाही, पण वाचणाऱ्याला सांगतो की याला बाहेरून हात लावायचा नाही. इन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच.

एक सवय मात्र मी आग्रहाने मोडायला सांगतो. प्रत्येक व्हेरिएबल प्रायव्हेट करायचं आणि लगेच त्याच्यासाठी गेटर (किंमत वाचून देणारी मेथड) आणि सेटर (किंमत बदलणारी मेथड) लिहायचा, असं अनेक ठिकाणी शिकवलं जातं. सेट पातळी अशी मेथड दिली की दार पुन्हा सताड उघडलं. टाकीला सेटरची गरज नाही. तिला 'भर' आणि 'काढ' यांची गरज आहे, कारण टाकीत पाणी त्याच दोन मार्गांनी वरखाली होतं.

सराव ४. हा माझा आवडता सराव आहे. टाकीच्या आतली साठवण बदला. पातळी ठेवण्याऐवजी फक्त मोकळी जागा ठेवा. 'किती' आता क्षमता वजा मोकळी जागा परत देईल. क्लासच्या बाहेरची एकही ओळ बदलू नका. सराव २ मधली तीनही उत्तरं तशीच आली पाहिजेत. बाहेर कुठे ट.पातळी असं थेट वापरलं असेल तर तिथे प्रोग्राम मोडेल, आणि कुठली माहिती बाहेर सांडली होती ते नेमकं कळेल.

पायरी ५: एकच प्रश्न, उत्तर ज्याचं त्याचं

आता विषय बदलू. एक प्रश्नमंजूषा बनवायची आहे. काही प्रश्न पर्यायी (दिलेल्या पर्यायांतून निवडायचे), काही रिकाम्या जागा भरा, काहींचं उत्तर आकड्यात. पहिला विचार साधारण असा येतो:

जर प्रश्न.प्रकार == "पर्यायी": …
नाहीतर जर प्रश्न.प्रकार == "रिकामी जागा": …
नाहीतर जर प्रश्न.प्रकार == "आकडा": …

ही शिडी एकाच जागी राहिली असती तरी चाललं असतं. पण प्रश्न दाखवताना ती लागते, उत्तर तपासताना लागते, सूचना छापतानाही लागते. नवा प्रकार आला की तिन्ही ठिकाणी एक पायरी वाढवायची, आणि एखादं ठिकाण राहूनच जातं.

मग तोच जुना प्रश्न विचारा: उत्तर बरोबर की चूक हे कोणाला माहीत असावं? त्या प्रश्नालाच. खाली 'प्रश्न पासून' म्हणजे तो क्लास 'प्रश्न' या वरच्या क्लासवरून बनवला आहे आणि वरच्याचं सगळं त्याला मिळतं. यालाच इनहेरिटन्स म्हणतात.

क्लास प्रश्न:
    सुरुवात(स्वतः, मजकूर, गुण): दोन्ही साठव
    दाखव(स्वतः): मजकूर छाप
    तपास(स्वतः, उत्तर): एरर "हे प्रत्येक प्रकाराने स्वतः लिहावं"

क्लास रिकामी_जागा, प्रश्न पासून:
    सुरुवात(स्वतः, मजकूर, गुण, शब्द):
        वरच्या क्लासची सुरुवात(मजकूर, गुण)
        स्वतः.शब्द = शब्द
    तपास(स्वतः, उत्तर):
        परत कडेच्या स्पेस काढलेलं उत्तर == स्वतः.शब्द

क्लास आकड्याचा_प्रश्न, प्रश्न पासून:
    सुरुवात(स्वतः, मजकूर, गुण, आकडा, फरक):
        वरच्या क्लासची सुरुवात(मजकूर, गुण)
        स्वतः.आकडा = आकडा
        स्वतः.फरक = फरक
    तपास(स्वतः, उत्तर):
        परत (उत्तर आणि स्वतः.आकडा यांच्यातलं अंतर) <= स्वतः.फरक

आकड्याच्या प्रश्नात 'फरक' ठेवण्यामागे कारण आहे. दशांश आकडे संगणक बायनरीत साठवतो, त्यामुळे पायथन किंवा जावाला ०.१ + ०.२ विचारलं तर ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येतं. नेमकी बरोबरी तपासली तर बरोबर उत्तर देणाऱ्याचे गुण जातील. ही बारीकसारीक समज आता एकाच क्लासमध्ये राहते आणि बाकी कोणाला तिचा पत्ताही नसतो.

गुण मोजणारा लूप एवढाच उरतो:

एकूण = ०
लिस्टमधल्या प्रत्येक प्र साठी:
    प्र.दाखव()
    उत्तर = वापरणाऱ्याकडून घे
    जर प्र.तपास(उत्तर): एकूण = एकूण + प्र.गुण

लूपला प्र कोणत्या प्रकारचा आहे हे माहीत नाही आणि विचारायचंही नाही. तो फक्त 'तपास' म्हणतो आणि ज्याला त्याला आपलं काम कळतं. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात. या विचाराचा उगम जुना आहे. क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत आले. नंतर स्मॉलटॉक ही भाषा घडवताना संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी ऑब्जेक्टनी एकमेकांना संदेश पाठवावेत यावर भर दिला. प्र.तपास(उत्तर) ही ओळ संदेश म्हणूनच वाचा: "हे घे उत्तर, बरोबर आहे का सांग."

सराव ५. वापरणाऱ्याकडून आलेलं उत्तर स्ट्रिंग असतं. त्याचा आकडा करायचं काम कोणाचं, लूपचं की आकड्याच्या प्रश्नाचं? ठरवा आणि लिहा. वापरणाऱ्याने "बारा" असं अक्षरात टाइप केलं तर प्रोग्राम कोसळता कामा नये. त्यानंतर 'चूक की बरोबर' हा नवा प्रकार वाढवा. लूपची एकही ओळ न बदलता तो चालला तर जमलं.

इनहेरिटन्स जपून वापरा

दोन क्लासमधल्या चार ओळी सारख्या दिसल्या की एकाला दुसऱ्यापासून काढायचा मोह होतो. आधी वाक्य म्हणून बघा. "रिकामी जागा हा एक प्रश्न आहे" हे पटतं. "प्रश्नमंजूषा ही एक लिस्ट आहे" हे पटत नाही. तिच्याकडे प्रश्नांची लिस्ट असते. 'आहे' बसत असेल तर इनहेरिटन्सचा विचार करा. 'कडे आहे' बसत असेल तर तो ऑब्जेक्ट आत साठवा.

पण वाक्य पटलं म्हणजे काम झालं असंही नाही. चौरस हा आयतच असतो, हे आपण शाळेत शिकलो. आता आयताला 'रुंदी ठेव' आणि 'उंची ठेव' अशा मेथड आहेत असं समजा. रुंदी ५ ठेवली, मग उंची ४ ठेवली, की क्षेत्रफळ २० यायला हवं. चौरसाला बाजू सारख्या ठेवायच्या असल्याने उंची ४ म्हणताच रुंदीही ४ होते आणि क्षेत्रफळ १६ येतं. आयत समजून लिहिलेला कोड चौरस हातात आल्यावर चुकला. वरच्या क्लासच्या जागी खालचा ठेवला तरी भरवसा मोडू नये, हे तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. रुंदी आणि उंची एकदा ठरल्यावर बदलताच येणार नाहीत असं केलं, तर ही अडचण राहत नाही. का, ते स्वतः पडताळून बघा.

पायरी ६: वेळ बाहेरून घ्या

सराव ६. स्टॉपवॉच लिहा: सुरू, थांबव, शून्य कर, आणि एकूण सेकंद. आत थेट घड्याळ बघितलंत तर तपासायला प्रत्येक वेळी खरोखर थांबावं लागेल. त्याऐवजी क्षण बाहेरून द्या: सुरू(१०), थांबव(२५), सुरू(४०), थांबव(४५). एकूण २० आलं पाहिजे. चालू असतानाच पुन्हा 'सुरू' दाबलं तर काय व्हावं, हे आधी ठरवा. दुर्लक्ष आणि एरर, दोन्ही पर्याय चालतील, पण न ठरवता सोडलं तर वेळ चुकेल.

पायरी ७: वाचनालय, आणि कार्डांचा खेळ

शेवटचा सराव मोठा आहे. एका बैठकीत उरकू नका. वाचनालयातून सभासद पुस्तकं नेतात. एका वेळी जास्तीत जास्त तीन. ठरलेल्या तारखेनंतर परत आलं तर ते उशिरा आलं असं नोंदवायचं.

कीबोर्डला हात लावण्याआधी कागदाची छोटी कार्डं घ्या. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये ही पद्धत मांडली. प्रत्येक कार्डावर वर क्लासचं नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे त्याला कोणाची मदत लागते ते. एक कार्ड ओसंडून वाहत असेल आणि बाकीची रिकामी असतील, तर सगळा भार एकाच क्लासवर पडला आहे हे कोड लिहिण्याआधीच दिसतं. नवशिक्यांच्या रचनेत हे ओसंडणारं कार्ड जवळजवळ नेहमी 'वाचनालय' असतं.

पहिली अडचण 'पुस्तक' या शब्दातच आहे. एका कादंबरीच्या पाच प्रती कपाटात असतील, तर सभासद नेतो ती प्रत. लेखक आणि शीर्षक पुस्तकाचे, पण 'बाहेर गेली आहे की नाही' हे प्रतीचं. हे दोन वेगळे क्लास आहेत. एकात कोंबले तर एक प्रत बाहेर गेली की पाचही गेल्यासारख्या दिसतील.

दुसरी अडचण परतीच्या तारखेची. ती सभासदाची नाही, कारण त्याच्याकडे तीन प्रती असू शकतात. प्रतीचीही नाही, कारण ती उद्या दुसऱ्याकडे जाईल आणि जुना इतिहास पुसला जाईल. ती त्या एका देवघेवीची आहे. 'देवघेव' हा हात लावता न येणारा क्लास सुचला की माझ्यासमोरच्या विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो. तोवर त्याला वाटत असतं की ऑब्जेक्ट म्हणजे टेबलावर ठेवता येईल अशी वस्तू. देवघेव सभासद, प्रत, नेल्याची तारीख, परतीची मुदत आणि प्रत्यक्ष परत आल्याची तारीख सांभाळते. उशीर झाला का, हे तिलाच विचारा, आणि आजची तारीख बाहेरून द्या, स्टॉपवॉचसारखीच.

तीन पुस्तकांचा नियम कुठे ठेवायचा? 'अजून एक नेता येईल का' हे सभासदाला विचारलं तर बरं, असं माझं मत आहे, कारण त्याच्या चालू देवघेवी त्यालाच माहीत असतात. वाचनालयात ठेवणाऱ्यांचंही कारण ऐकण्यासारखं असतं: नियम संस्थेचा आहे. दोन्ही लिहून बघा.

तपासण्यासाठी हे प्रसंग घ्या. सभासदाने चौथी प्रत मागितली तर नकार मिळावा आणि त्याच्याकडे तीनच राहाव्यात. बाहेर असलेली प्रत दुसऱ्याने मागितली तर नकार. मुदतीच्या दिवशीच परत आली तर उशीर नाही, दुसऱ्या दिवशी आली तर आहे. परत केलेली प्रत लगेच दुसऱ्याला देता यावी, आणि तिच्या दोन्ही देवघेवी इतिहासात दिसाव्यात.

सगळं चालू लागलं की एक बदल करा: विद्यार्थी सभासदाला पाच पुस्तकं, बाकीच्यांना तीनच. बदल करण्याआधी किती क्लास उघडावे लागतील याचा अंदाज वहीत लिहा. बदल झाल्यावर प्रत्यक्ष आकडा त्याच्या शेजारी लिहा. दोन्हींत तफावत पडली, तर जो क्लास तुम्हाला अनपेक्षितपणे उघडावा लागला, त्याचं कार्ड काढून त्यावरची प्रत्येक जबाबदारी पुन्हा वाचा.